मालिकेच्या निर्मात्याशी वाद झाला तर: कोकणातल्या कलाकारासाठी, कागदापासून कोर्टापर्यंत

२०१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या आकेरीत मालिकेचं चित्रीकरण सुरू झालं आणि तेव्हापासून सिंधुदुर्गात ‘शूटिंग आलंय’ ही बातमी राहिली नाही. दशावतारातली, हौशी नाटकांतली, एकांकिका स्पर्धांतली माणसं पडद्यावर दिसू लागली. त्यातले काही मुंबईला गेले, काही इथेच राहून काम करतात. करार मात्र सगळ्यांकडे सारखाच येतो: आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर इंग्रजीतली वीस-बावीस पानं, आणि सकाळी मेकअपच्या खुर्चीत ‘इथे इथे सही करा’.

मालिकेतल्या वादांच्या बातम्या आपण वाचतो त्या मोठ्या नावांच्या असतात. गावाकडच्या कलाकाराचा वाद बहुतेक वेळा दोनच गोष्टींचा असतो. पैसे अडकलेत, नाहीतर सोडायचंय आणि सोडू देत नाहीत. या दोन्हींत कायदा तुमच्या बऱ्यापैकी बाजूने आहे. कमी पडतो तो कागद, आणि जड जातं ते मुंबईला खेटे घालणं. म्हणून हा लेख वाचताना एक प्रश्न सतत डोक्यात ठेवा: हा वाद उद्या उभा राहिला तर तो माझ्या तालुक्यात लढता येईल का? त्याची सोय सहीच्या आधीच करावी लागते.

आधी समोर कोण आहे ते बघा

चॅनेल, निर्मितीसंस्था, लाइन प्रोड्यूसर (चित्रीकरणाचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणारा) आणि कोऑर्डिनेटर (कलाकार मिळवून देणारा) हे चार वेगवेगळे लोक आहेत. तुमचा करार जवळजवळ नेहमी निर्मितीसंस्थेशी असतो. चॅनेल त्यात पक्षकार नसतं, त्यामुळे चॅनेलला पत्र लिहून दबाव येतो, पण कायदेशीर वसुली होत नाही. उलटही खरं. ‘चॅनेलकडून पैसे आले की देतो’ हे वाक्य निर्माता कितीही वेळा म्हणाला, तरी करारात तशी अट नसेल तर तो त्याचा आणि चॅनेलचा प्रश्न. तशी अट असेल तर ती सहीआधी काढायला सांगा. चॅनेल आणि निर्माता यांच्यात काय चाललंय हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

करारावर संस्थेचं पूर्ण नाव काय आहे ते वाचा. प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी), की एका माणसाची मालकी? कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नाव टाकून ती चालू आहे की बंद पडली आहे हे फुकट बघता येतं. मालिकेच्या पाटीवर एक नाव, करारावर दुसरं आणि पैसे पाठवणारं खातं तिसऱ्याच संस्थेचं, असं दिसलं तर तिथेच थांबून विचारा. पुढे नोटीस कोणाला पाठवायची यावरच सहा महिने जातात.

स्थानिक कोऑर्डिनेटर तुमचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊन कमिशन कापून देणार असेल, तर कायद्याच्या नजरेत तुमचा निर्मात्याशी व्यवहार सिद्ध करणं अवघड होतं. कमिशन द्या, पण पैसे आधी तुमच्या खात्यात येऊ देत.

सहीआधी वाचायची कलमं

सगळा करार कोणी वाचत नाही हे मला माहीत आहे. मग निदान एवढं वाचा.

पहिलं, पैसे कधीपासून मोजतात. हिंदी आणि मराठी मालिकांच्या धंद्यात ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत जुनी आहे. पण ९० दिवस कशापासून? समजा दिवसाला ४ हजार ठरले आणि जानेवारीत १४ दिवस काम केलंत. ५६ हजार झाले. चित्रीकरणाच्या महिन्याअखेरपासून ९० दिवस धरले तर एप्रिलअखेर पैसे येतील. भाग फेब्रुवारीत दाखवले गेले आणि प्रसारणाच्या महिन्याअखेरपासून मोजायचं ठरलं असेल, तर मे संपत येईल. तोवर तुम्ही पाच महिने काम केलेलं असेल आणि त्याच गतीने २ लाख ८० हजार रुपये समोरच्याकडे पडून असतील. पुढे वाद झाला तर निर्मात्याची खरी ताकद ही रक्कम असते, वकील नव्हे. म्हणून ‘चित्रीकरणाच्या महिन्यापासून’ असा शब्द मागा. नवख्या कलाकारालाही तो बऱ्याचदा मिळतो, कारण हा मुद्दा कोणी काढतच नाही.

याच कलमात दिवस म्हणजे किती तासांची शिफ्ट, जास्तीच्या तासांचे काय, महिन्याला किमान किती दिवसांची हमी, आणि राहणं-जेवण-प्रवास कोणाकडे, हे असतं. मालवणातल्या कलाकाराला मड आयलंडच्या सेटवर बोलावून ‘मुंबईत राहायची सोय तुमची तुम्ही’ असं सांगितलं जाऊ शकतं. ४ हजारांतून खोली, रिक्षा आणि डबा गेला की काय उरतं त्याचा हिशेब आधी करा.

दुसरं, बांधिलकी. करार चालू असताना दुसऱ्या चॅनेलवर काम करू नये ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या निरंजन शंकर गोलिकरी खटल्यापासून साधारणपणे वैध मानली आहे. करार संपल्यावरही सहा महिने, वर्षभर काम करू नये, ही अट भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २७ खाली रद्दबातल आहे. २००६ मध्ये क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या व्यवस्थापन कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच पुन्हा सांगितलं. तिथे कंपनीचं म्हणणं एवढंच होतं की करार संपल्यावर दुसऱ्याची बोली आधी आम्हाला दाखव. तेही चाललं नाही. पण चालू करारातली बांधिलकी तुमच्या नाटकावर येणार का, दशावताराच्या हंगामावर येणार का, हे लिहून घ्या. ‘रंगभूमी आणि दशावतारी प्रयोग वगळून’ एवढे शब्द पुरतात. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की मंडळाला नाही म्हणायची वेळ आली, तर दोन्हीकडून नाव जातं.

तिसरं, सोडण्याची नोटीस. निर्मात्याला ‘कधीही, कारण न देता’ काढता येतं आणि कलाकाराला तीन महिने आधी कळवावं लागतं, असा करार सर्रास दिसतो. दोन्ही बाजूंना सारखी मुदत मागा. नाही मिळाली, तर निदान काढल्यावर थकीत पैसे किती दिवसांत मिळतील ते लिहून घ्या.

चौथं, दंड. ‘मध्येच सोडल्यास १० लाख रुपये’ हे वाचून माणूस गारठतो. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ नुसार तो आकडा म्हणजे वरची मर्यादा. न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि निर्मात्याचं नुकसान झालंच नसेल तर आकडा लिहिलाय म्हणून तेवढे पैसे मिळत नाहीत. तरीही आकडा कमी करून घ्या, कारण घरच्यांची झोप त्याच आकड्याने उडते.

पाचवं, वाद कुठे आणि कसा. ‘लवाद, मुंबई’ हे ठरलेलं असतं. लवाद म्हणजे कोर्टाऐवजी खासगी पंचाकडून वादाचा निकाल. मुंबई हे लवादाचं स्थान लिहिलं की इतर ठिकाणच्या न्यायालयांचा अधिकार संपतो. ‘लवाद निर्माता नेमेल’ असंही लिहिलेलं असतं. ते मात्र टिकत नाही. ज्याला वादाच्या निकालात स्वारस्य आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात ठरवलं. सहीआधी दोन शब्द घालून घ्या: ‘दोघांच्या संमतीने’ आणि ‘सुनावणी ऑनलाइन’. दुसऱ्या शब्दाने कोकणकन्येच्या कितीतरी तिकिटांचे पैसे वाचतात.

शेवटी मुद्रांक. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात साध्या करारांसाठीही १०० रुपयांच्या जागी ५०० रुपये लागतात. ते निर्मात्याने भरावेत. आणि सही झालेली प्रत त्याच दिवशी मागा. ‘ऑफिसमधून पाठवतो’ म्हटलं की निदान प्रत्येक पानाचा फोटो काढा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेत ‘दृकश्राव्य कामगार’ हा वर्ग आहे, त्यात मालिका आणि वेबमालिकाही येतात. ठरावीक वेतनमर्यादेच्या आतल्या अशा माणसाला लेखी कराराशिवाय कामावर घेता येत नाही. छोट्या भूमिका करणाऱ्यांनी आणि पडद्यामागच्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘आमच्याकडे करार फक्त मेन कास्टचा होतो’ हे उत्तर आता चालू नये.

काम चालू असताना

इथे मी थोडा कडक आहे. पॅकअप झालं की गाडी पकडायची घाई असते, पण रोजचं व्हाउचर किंवा हजेरीपत्रक सही करून त्याचा फोटो घ्या. तिथे वेळ आणि तारीख नीट लिहिली आहे का बघा. कॉलशीटचा, म्हणजे कधी आणि कुठे हजर व्हायचं त्याचा, मेसेज जपा. फोन बदलला तर व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या आणि जुना फोन विकू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, आणि मूळ फोन हातात असेल तर ते सोपं जातं.

महिना संपला की बिल ई-मेलने पाठवा. दिवस, तारखा, दर, एकूण. बिल पाठवलंच नाही म्हणून पैसे अडकलेले कलाकार ज्यांना भेटलेत त्यांना विचारा.

एक पुरावा निर्माता स्वतःच तयार करतो आणि कलाकाराला त्याचा पत्ता नसतो. कलाकाराच्या मानधनातून १० टक्के आयकर कापला जातो. ५६ हजारांवर ५,६०० कापून ५०,४०० मिळतात. हा कर पैसे देताना किंवा हिशेबात तुमच्या नावे रक्कम जमा धरताना, जे आधी होईल तेव्हा, कापायचा असतो. म्हणजे कित्येकदा पैसे मिळालेले नसतात, पण कर भरलेला असतो. आयकराच्या संकेतस्थळावर तुमच्या पॅनखाली ते दिसतं. त्या नोंदीचा अर्थ असा की निर्मात्याने स्वतःच्या वहीत तुमचं देणं मान्य केलंय. उद्या तो ‘हिने काम नीट केलं नाही, म्हणून देणं नाही’ म्हणाला, तर ती नोंद समोर ठेवा.

पैसे अडकले

सगळ्यात आधी तारीख लिहून ठेवा. पैसे देय झाले त्या दिवसापासून ३ वर्षांत दावा करावा लागतो. ‘देवाक काळजी’ म्हणत बसलेल्यांचे खरेखुरे हक्क या मुदतीत बुडालेत. ३ वर्षं संपायच्या आत निर्मात्याने लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम चुकती केली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून फोनवर भांडू नका, ई-मेल करा: ‘माझ्या हिशेबाने अमुक महिन्यांचे इतके बाकी आहेत, आपल्याकडे तेवढेच दिसतात ना?’ अकाउंट्समधलं पोरगं सहज ‘हो’ लिहून पाठवतं.

यानंतर वाद आपल्या गावाकडे ओढून आणायचे दोन रस्ते आहेत.

एक, चेक. निर्माता ‘थोडं थांबा’ म्हणतो तेव्हा भांडण वाढवायच्या ऐवजी पुढच्या तारखेचा चेक मागा. तो तुमच्या कुडाळच्या किंवा वेंगुर्ल्याच्या शाखेतल्या खात्यात भरा. परत आला तर बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, निर्मात्याला ती मिळाल्यापासून १५ दिवस मुदत, आणि ती संपल्यावर एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. २०१५ च्या दुरुस्तीनंतर ही तक्रार तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या न्यायालयात चालते. म्हणजे अंधेरीच्या निर्मात्याला कुडाळला यावं लागतं. करारात मुंबईचा लवाद असला तरी. चेक तीन महिन्यांत भरायचा आणि या तारखा एका दिवसानेही चुकवायच्या नाहीत, एवढंच पथ्य.

दुसरा रस्ता उद्यम नोंदणीचा. कलाकारसुद्धा सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून केंद्राच्या संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदणी करू शकतो. ती करारावर सही करायच्या आधी करा, कारण आधीच्या कामाला मागाहूनची नोंदणी लावता येते का यावर न्यायालयांत बराच खल झालाय. नोंदणी क्रमांक करारात आणि प्रत्येक बिलावर लिहा. मग २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा लागू होतो. त्यात लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढीने. तक्रार केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची, ती सुलभीकरण परिषदेकडे (लहान उद्योगांच्या थकबाकीचे वाद सोडवणारी सरकारी परिषद) जाते, आणि अधिकार असतो तुमच्या भागातल्या परिषदेला, निर्माता देशात कुठेही असो. करारात लवादाचं कलम असलं तरी हा रस्ता बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. परिषदेचा निकाल आव्हान द्यायचा असेल तर निर्मात्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ‘हा कलाकार, उद्योग कसला?’ अशी हरकत येईल. उत्तर म्हणजे तुमची नोंदणी आणि त्या क्रमांकाची बिलं. आणखी एक गंमत: सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर निर्मात्याला त्या वर्षी तो खर्च करातून वजा मिळत नाही. निर्मात्याला हे ठाऊक नसेल, त्याच्या सीएला नक्की असतं. पत्राची प्रत त्यालाही जाऊ दे.

दोन्ही रस्ते बंद असतील तर नेहमीची चढण. वकिलामार्फत नोटीस, पोचपावतीसह. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे पोस्टात ‘रजिस्टर एडी’ मागितलंत तर गोंधळू नका, पोचपावतीचं स्पीड पोस्ट करा. नोटिशीत व्याजाची मागणी स्पष्ट लिहा, कारण करारात व्याज नसेल तर नोटिशीपासूनच ते मागता येतं. सोबत ई-मेल.

सिंटा या सिने-टीव्ही कलाकारांच्या संघटनेचे सदस्य असाल तर तिथल्या तक्रार समितीकडे अर्ज करा. संघटनेच्या एका फोनने जे होतं ते कधी कधी तीन नोटिशींनी होत नाही. हा दबाव आहे, हुकूमनामा नव्हे, एवढं लक्षात असू द्या. सदस्य नसाल तर मुंबईत कामं सुरू झाल्याबरोबर व्हा. गावाकडे बसून सदस्यत्वाचे पैसे वाया गेल्यासारखे वाटतात, ते खरं नाही.

लवादाचं कलम असेल तर लवादाची नोटीस. नसेल तर दिवाणी दावा. लेखी करार आणि ठरलेली रक्कम असेल तर वकिलाला ‘समरी दावा’ होतो का विचारा, त्यात निर्मात्याला बचावासाठी आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ३ लाख किंवा त्याहून मोठी रक्कम वाणिज्य न्यायालयात जाते, आणि तिथे तातडीचा मनाईहुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. ही पायरी टाळलेला दावा फेटाळला जातो.

मग अभिनेते शैलेश लोढांचं काय, असं लोक विचारतात. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’ सोडल्यावर त्यांनी थकीत मानधनासाठी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण गाठलं आणि २०२३ मध्ये तडजोडीत १ कोटी ५ लाख ८४ हजार रुपये मिळवले. तो रस्ता झणझणीत आहे, कारण अर्ज दाखल झाला तर कंपनीच दिवाळखोरीत जायची भीती असते. पण मार्च २०२० पासून तिथे किमान १ कोटीची थकबाकी लागते. निर्माता कंपनी किंवा एलएलपी असावा लागतो, आणि आधीपासून खरा वाद असेल तर अर्ज टिकत नाही. दिवसाला ४ हजार घेणाऱ्याने त्या बातमीवरून स्वतःचा बेत आखू नये.

मालिका सोडायची असेल

निर्माता न्यायालयात जाऊन तुम्हाला जबरदस्तीने अभिनय करायला लावू शकत नाही. ज्या कराराचा जीव माणसाच्या अंगच्या गुणांत आहे, तो विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम १४ नुसार तसाच्या तसा अमलात आणता येत नाही. पण त्याच कायद्याच्या कलम ४२ खाली निर्माता ‘मग दुसरीकडेही करू नको’ असा मनाईहुकूम मागू शकतो. हा नियम १८५२ मधल्या लंडनच्या एका खटल्याइतका जुना आहे. योहाना वाग्नर या गायिकेने एका नाट्यगृहाशी करार करून दुसरीकडे गायचं ठरवलं. न्यायालयाने तिला पहिल्याकडे गा म्हटलं नाही, दुसरीकडे गाऊ नको म्हटलं.

आता त्याच कलम ४२ मधली शेवटची ओळ. मनाईहुकूम मागणाऱ्याने स्वतःचा करार पाळलेला असला पाहिजे. ज्याने तुमचे चार महिन्यांचे पैसे दिले नाहीत, त्याला हा हुकूम मिळणं कठीण होतं. म्हणून सोडण्याच्या पत्रात ‘वैयक्तिक कारणाने’ असं गुळमुळीत लिहू नका. किती महिन्यांचे किती बाकी आहेत, कधी कधी मागितले, हे तारखांसह लिहा. बहुतेक लोक संबंध बिघडू नयेत म्हणून गोड पत्र देतात आणि स्वतःचा सगळ्यात मोठा बचाव त्या पत्रात पुरून टाकतात.

करारातली नोटीस मुदत पाळा आणि त्या काळात सेटवर जा. कॉलटाइमला हजर राहून ‘मी आहे’ असा मेसेज टाका. फोन बंद करून गावाला निघून येणं ही सगळ्यात वाईट चाल. त्याने कराराचा भंग तुमच्या माथी येतो आणि थकीत पैशांचा विषय बाजूलाच पडतो.

‘इंडस्ट्रीत काम मिळू देणार नाही’ ही धमकी येतेच. २०१६ मध्ये अभिनेत्री शिल्पा शिंदेंनी ‘भाभीजी घर पर हैं’ सोडली तेव्हा नोटिसा, आरोप-प्रत्यारोप, संघटनांची मध्यस्थी, सगळं झालं. पुढे जानेवारी २०१८ मध्ये त्या ‘बिग बॉस’ जिंकल्या. सगळ्यांचं असं होत नाही, पण धमकी म्हणजे शिक्षा नव्हे. संघटनांनी मिळून कोणाचं काम अडवण्यालाही मर्यादा आहे. बंगालमधल्या कलाकार-तंत्रज्ञांच्या संघटनांनी एका डब केलेल्या मालिकेवर घातलेल्या बहिष्काराचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं, आणि असा बहिष्कार स्पर्धा कायद्याच्या कक्षेत येतो असं न्यायालयाने मार्च २०१७ मध्ये सांगितलं. धमकी मेसेजवर आली तर पुसू नका.

काढून टाकलं तर

तोंडी ‘उद्यापासून येऊ नका’ आलं की त्याच संध्याकाळी ई-मेल: ‘मला आज अमुक यांनी असं सांगितलं. कारण लेखी कळवावं. मी कामाला तयार आहे.’ हे तिसरं वाक्य महत्त्वाचं. नाहीतर पुढे ‘ती स्वतःच गेली’ असं उभं राहतं.

जानेवारी २०२२ मध्ये अभिनेते किरण माने यांना ‘मुलगी झाली हो’ या मालिकेतून काढलं गेलं तेव्हा ते म्हणाले राजकीय पोस्टमुळे काढलं, आणि दुसरी बाजू म्हणाली सेटवरच्या वर्तणुकीमुळे. महाराष्ट्रभर चर्चा झाली. कोण खरं ते इथे ठरवायचं नाही. पण अशा प्रकरणात दोन कागद निर्णायक ठरतात: करारातलं वर्तणुकीचं कलम, आणि आधी दिलेल्या लेखी ताकिदी. ताकीद आली तर तिला उत्तर द्या. उत्तर न दिलेली ताकीद मान्य केल्यासारखी दिसते.

सेटवर लैंगिक छळ झाला असेल तर हा मानधनाचा वाद नव्हे, त्यात तो मिसळू नका. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या संस्थेत अंतर्गत समिती लागते. नसेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मुदत घटनेपासून ३ महिने, योग्य कारण असेल तर आणखी ३.

पात्र कोणाचं?

कोकणात हा प्रश्न शिमगा, दहीहंडी आणि नवरात्रीत उभा राहतो. मालिकेतल्या वेशात, त्या नावाने, तोच संवाद म्हणायची सुपारी येते. चेहरा तुमचा, पण पात्राचं नाव, वेश आणि संवाद साधारणपणे निर्मात्याचे किंवा चॅनेलचे असतात. २०१३ मध्ये सुनील ग्रोव्हर यांनी कपिल शर्माचा कार्यक्रम सोडला तेव्हा वाहिनीने ‘गुत्थी’ दुसऱ्या कोणी वापरू नये म्हणून जाहीर नोटीस दिली होती. पुढच्या कार्यक्रमात ते वेगळ्या नावाच्या पात्रात दिसले. २०२४ मध्ये ‘तारक मेहता’च्या निर्मात्यांना दिल्ली उच्च न्यायालयाकडून पात्रांच्या परस्पर वापराविरुद्ध हुकूम मिळाला. त्याच वर्षी त्या मालिकेतल्या पलक सिंधवानी यांच्यावर परवानगीशिवाय बाहेरच्या जाहिराती केल्याचा आक्षेप निर्मात्यांनी घेतला. त्यांचं म्हणणं होतं की सोडायची इच्छा सांगितल्यावरच हा त्रास सुरू झाला.

उपाय सोपा. पत्रिकेवर आणि बॅनरवर स्वतःचं नाव लावा, स्वतःच्या साडीत जा. पात्र हवंच असेल तर सुपारी घ्यायच्या आधी परवानगीचा एक ई-मेल. फ्लेक्स मंडळाची पोरं परस्पर छापतात, तेव्हा मजकूर आधी बघा.

मूल काम करत असेल

ज्या जिल्ह्यात चित्रीकरण आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने घ्यायची असते, सिंधुदुर्गात म्हणजे ओरोसला. दिवसात ५ तासांपेक्षा जास्त नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मानधनाचा किमान २० टक्के भाग मुलाच्या नावे मुदत ठेवीत. ही ठेव पावती मागा, कोणी आपणहून देत नाही.

करार कसा लिहिलाय ते इथे फार महत्त्वाचं. १९४९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात राज रानी विरुद्ध प्रेम अदीब हा खटला आला. अल्पवयीन मुलीला भूमिका द्यायचा करार वडिलांनी निर्मात्याशी केला होता, पुढे काम काढून घेतलं गेलं. करारावरची मुलीची मागणीही टिकली नाही आणि वडिलांचीही, कारण अल्पवयीनाचं वचन कायद्यात मोबदला ठरत नाही. म्हणून पालकाने स्वतःच्या नावाने, स्वतःची कामं लिहून करार करावा: मुलाला वेळेवर आणणं, सोबत थांबणं, अभ्यास सांभाळणं. आणि मुलाच्या बाबतीत ९० दिवसांची उधारी घेऊच नये, दर आठवड्याला पैसे मागावेत.

बोलायचं कुठे

वाद चालू असताना फेसबुक लाइव्ह करू नका. खऱ्या थकबाकीचा कागद हातात असताना ‘चोर’, ‘लुटारू’ म्हटलं की समोरून बदनामीची तक्रार येते आणि तुमचा वकील ती सोडवत बसतो. करारातल्या गुप्ततेच्या कलमाचाही आधार त्यांना मिळतो. पत्रकाराने विचारलं तर रक्कम, महिने आणि तक्रारीची तारीख सांगा, विशेषणं नकोत.

वकील मुंबईचाच हवा असं नाही. चेकचं आणि परिषदेचं काम इथला वकील करतो. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, ही कार्यालयं ओरोस आणि रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयात आहेत. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीची उच्च न्यायालयातली कामं १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली. रायगडची मुंबईतच आहेत. पहिल्या भेटीला जाताना करार, सगळी बिलं, व्हाउचरचे फोटो, बँकेचा उतारा, आयकराच्या नोंदीची प्रत आणि एका कागदावर तारखांची यादी न्या. यादी तुम्हीच हाताने करा, मराठीत केलीत तरी चालेल.